जुनी लेझर घेताय? आधी आतलं पाणी बघा, रंग शेवटी

कोणी जुनी लेझर, म्हणजे छोटी शिडाची बोट, देतोय म्हटलं की लोक पहिले फोटो मागवतात. फोटो नको, वजन विचारा. लेझरची नुसती बॉडी, म्हणजे डोलकाठी, शीड, सुकाणू, बूम (शिडाखालची आडवी काठी) सगळं सोडून, साधारण ५९ किलोची असते. दोन बाथरूमचे वजनकाटे घ्यायचे, एक नाळेखाली एक मागच्या टोकाखाली, दोन्हींची बेरीज करायची, झालं. आमची अलिबागच्या वाडीत आली तेव्हा बेरीज ७१ झाली, आणि मागचं बुच काढून तिरकी केली तरी भांडंभर पाणीसुद्धा निघालं नाही. म्हणजे पाणी मोकळं नव्हतंच, ते डेकच्या आतल्या फोममध्ये मुरलेलं होतं. वरून बघाल तर बोट ठीकठाक दिसत होती, जेलकोटवर (बाहेरच्या रंगीत थरावर) पांढरी पावडर आणि दोनचार ओरखडे, बास.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेझर ही एकट्याने चालवायची ४.२ मीटरची बोट, ७ चौरस मीटरचं एकच शीड. ब्रूस कर्बी नावाच्या कॅनेडियन डिझायनरने १९६९ मध्ये फोनवर बोलता बोलता तिचं पहिलं स्केच काढलं, १९७१ पासून ती बाजारात आहे आणि आजपर्यंत २ लाखांच्या वर बोटी बनल्यात. २०१९ पासून तिला तिच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नावावरून आयएलसीए म्हणतात. आपली नेत्रा कुमानन टोकियो ऑलिंपिकला गेली ती याच जातीच्या बोटीवर आणि विष्णू सरवणनने हांगझोच्या एशियाडमध्ये ब्राँझ घेतलं तेही यावरच. आकार पन्नास वर्षांत बदललेला नाही, त्यामुळे जुन्या बोटीला आजचं सुकाणू, आजचा डॅगरबोर्ड (मधून पाण्यात सोडायची फळी) सरळ बसतो, आणि म्हणूनच मला वाटतं की क्लबच्या मागे गवतात पडलेली प्रत्येक लेझर वाचवण्यासारखी आहे. भंगारात टाकायची घाई करू नका प्लीज.

आता मुख्य प्रश्न, पाणी शिरतं कुठून. लेझरच्या डोलकाठीला बाजूने एकही तार नसते. ती डेकमधल्या एका नळीत नुसती उभी केलेली असते, म्हणजे वाऱ्याचा सगळा जोर त्या नळीच्या तोंडावर आणि बुडावर येतो. त्यात किनाऱ्यावरची वाळू नळीत पडते, डोलकाठी तिच्यावर फिरत राहते, आणि बूड घासत घासत पातळ होतं. चेक करायची पद्धत अगदी सोपी, नळी काठोकाठ पाण्याने भरायची, पेन्सिलने खूण करायची आणि सकाळी येऊन बघायचं. पातळी खाली गेली की समजायचं पाणी बॉडीत उतरतंय. ही नळी कमजोर झालेली बोट जोराच्या वाऱ्यात पाण्यावर नेली तर डोलकाठी डेक फाडून बाहेर येते, आणि ती रिपेअर म्हणजे अर्धी नवीन बोट बांधल्यासारखी. म्हणून बाकी काही करा न करा, ही टेस्ट कराच.

बाकीच्या गळत्या साबणाच्या पाण्याने सापडतात. कॉकपिटच्या (पाय ठेवायच्या खोलगट जागेच्या) पुढच्या भिंतीत वरच्या काठाखाली हवेचं बारीक भोक असतं त्याला टेप लावायची, मागच्या बुचाच्या भोकाला पाइप लावून तोंडाने फुंकायचं, आणि दुसऱ्याने डेक आणि बॉडीच्या जोडावर, बेलरभोवती (कॉकपिटमधलं पाणी बाहेर काढणाऱ्या झडपेभोवती), सुकाणूच्या बिजागऱ्यांच्या स्क्रूवर साबणाचं पाणी ब्रशने लावत जायचं, जिथे बुडबुडे तिथे गळती. इथे कॉम्प्रेसर लावायचा मोह होतो, पण अजिबात लावू नका, एवढ्या प्रेशरने जोड उघडतो.

गावातले एक काका मच्छीमारांच्या होड्यांना फायबर मारतात, त्यांना बोलावलं होतं. त्यांनी खिशातून नाणं काढलं आणि डेकवर इंचाइंचाला टकटक करत गेले. चांगल्या जागी आवाज टणक येतो, जिथे वरचा थर फोमपासून सुटलाय तिथे बद्द. बद्द जागांना खडूने गोल केले, ते सगळे कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे जिथे माणूस बसून बाहेर झुकतो तिथेच निघाले. मी विचारलं, काका कधी सुरू करायचं? म्हणाले, "वल्या लाकडावर फायबर धरत नाय, तं वल्या फोमवर कसा धरंल? आधी सुकव."

तर सुकवणं. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि सगळ्यांनी तेच करावं असं माझं मत आहे. डोलकाठीच्या नळीजवळ डेकमध्ये सहा इंची गोल भोक पाडलं, पुढे त्यालाच स्क्रूचं झाकण बसतं आणि हात घालून आतलं काम करता येतं, त्यामुळे भोक पाडायला जीव घाबरा होतो तरी ते लागतंच. त्या भोकावर जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला, मागचं बुच उघडं ठेवलं, म्हणजे हवा या टोकाकडून त्या टोकाला खेळते. आणि दर रविवारी वजन. काटा उतरायचा थांबला की सुकली. कोकणात हे दिवाळीनंतरच जमतं, पावसाळ्यात पंखा लावून उलट दमट हवाच आत भरली जाते, आणि इपॉक्सीवर (फायबर लावायच्या रेझिनवर) चिकट मेणासारखा थर येतो तो वेगळाच. (थंडीतही पहाटे दव पडलं की तो थोडाफार येतो, पाण्याने आणि स्क्रबरने धुतल्याशिवाय पुढचा हात मारायचा नाही.)

सुकल्यावर काम भराभर झालं. बद्द जागांमध्ये वरच्या थरातून बारीक भोकं पाडून मेडिकलमधून आणलेल्या मोठ्या सिरिंजने पातळ इपॉक्सी आत सोडलं, वर प्लॅस्टिक आणि रेतीच्या गोण्या. असं केल्याने डेकवरचं खरखरीत डिझाइन वाचतं, ते एकदा ग्राइंड केलं की परत तसं येत नाही. नळीच्या बुडाला आतून ग्राइंडरने जुना थर खरवडला, कोपरा इपॉक्सी आणि काचेच्या बारीक तंतूंच्या लगद्याने गोलसर भरला आणि त्यावर कापडाच्या पट्ट्या नळीपासून बॉडीपर्यंत. नळीच्या आत बुडाला अगदी पातळ थर आणि त्यावर प्लॅस्टिकची गोल चकती, म्हणजे वाळू आली तरी चकती झिजेल. थर जाड नको, डोलकाठी वर उचलली जाते.

मटेरियलबद्दल दोन गोष्टी नीट सांगतो कारण दुकानात कोणी सांगत नाही. एक, इपॉक्सीबरोबर काचेच्या तंतूंच्या तुकड्यांची नेहमीची मॅट वापरू नका, तिला धरून ठेवणारा गोंद पॉलिस्टर रेझिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही, मग ती नीट भिजत नाही. विणलेलं कापड घ्या. दोन, आणि ही जिवाची गोष्ट आहे, इपॉक्सीऐवजी पॉलिस्टर रेझिन घेतलं तर दुकानदार ते घट्ट करायला कोबाल्ट आणि हार्डनर वेगवेगळ्या बाटल्यांत देतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. ते दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. बाटल्याही शेजारी शेजारी ठेवू नका, एकच चमचा दोन्हींत घालू नका. ग्राइंडिंगला साधा कापडी मास्क पण चालत नाही, फिल्टरवाला लागतो.

आणखी एक सल्ला, कोणी म्हणेल की बॉडीत स्प्रेचा फोम भरून टाका म्हणजे बुडायचा प्रश्नच नाही. तो फोम पुढे पाणी धरतो आणि मग काढता येत नाही. आत हवेच्या पिशव्या किंवा घट्ट फोमचे ठोकळे असतात ते पुरे आहेत.

बिजागऱ्यांना ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मिळाले, हल्ली ३०४ सर्रास ३१६ म्हणून विकतात तेव्हा ओळखीच्या दुकानातूनच घ्या. जेलकोटची पांढरी पावडर ८०० आणि मग १२०० च्या वॉटर पेपरने आणि रबिंग कंपाउंडने गेली, खालचा निळा अजून चांगला आहे, रंग मारायची गरजच पडली नाही.

आता वजन ६१ भरतंय. नळीत पाणी भरून ठेवलं तर सकाळी खुणेवरच असतं. राहिलंय ते दोन तुकड्यांच्या डोलकाठीच्या वरच्या तुकड्याचं, खालच्या कॉलरच्या रिव्हेटपाशी तो किंचित वाकलाय. असा तुकडा उलटा फिरवून परत रिव्हेट मारता येतो, पण भेग गेलीय का ते भिंगाने बघायचंय. अलिबाग, मांडवा, मुरुड बाजूला कोणाकडे जुना वरचा तुकडा पडून असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.