कळांच्या आधीची तयारी: लेकीची आणि माझीही

मनूचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे मिरजेला करायचं हे आधीच ठरलं होतं. डिंक, अळीव, खारीक, जुन्या साड्यांची दुपटी, न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी, ही तयारी मला पाठ होती. नवीन होतं ते एकच. कळा सुरू झाल्यावर लेबर रूममध्ये तिच्याजवळ मी उभी राहणार होते. १९९५ साली मनूच्या वेळी मी आत एकटी होते आणि माझी आई दाराबाहेर बाकावर. त्यामुळे बाळंतिणीचं मला ठाऊक होतं, पण सोबतीला उभ्या राहणाऱ्या बाईनं काय करायचं हे मला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं.

डोहाळजेवणाला ओटी भरता भरता एका पाहुणीनं आपल्या सुनेच्या बाळंतपणाची हकिकत सुरू केली. दोन दिवस कळा, मग धावाधाव, रक्त, टाके. मनूचा चेहरा उतरायला लागला, तसं मी तिला देवघरातून निरांजन आणायला आत पाठवलं आणि पाहुणीला म्हटलं, "वहिनी, हे आपण बाळ झाल्यावर बोलू." आपल्याकडे पोटुशी बाई दिसली की प्रत्येकीला आपलं बाळंतपण आठवतं. सांगणारीचं मन हलकं होत असेल, पण ऐकणारी ते रात्रभर घेऊन झोपते. तेव्हापासून घरात असल्या गोष्टी बंद केल्या. मनूनं विचारलं तरच बोलायचं आणि तेव्हा खरंच सांगायचं, हे मी ठरवून टाकलं.

तिनं विचारलंच. गच्चीवर कपडे गोळा करताना म्हणाली, "आई, खरं सांग, किती दुखतं?"

मी म्हटलं, "खूप दुखतं. पण सलग दुखत नाही."

हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मग आम्ही हिशेब मांडला. चांगल्या जोरात कळा सुरू झाल्या की साधारण चार मिनिटांनी एक येते आणि मिनिटभर टिकते. म्हणजे तासातली पंधरा मिनिटं दुखतं आणि पंचेचाळीस मिनिटं विसावा असतो. शेवटी शेवटी कळा जवळजवळ येतात, पण मध्ये श्वास घ्यायला जागा असतेच. कळ चढते, टोकाला जाते आणि उतरते. एका वेळी एकीलाच तोंड द्यायचं. पुढच्या दहांचा विचार करत बसायचं नाही.

त्यानंतर मी वाचायला लागले. ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९३०च्या दशकातच म्हटलं होतं की भीतीनं अंग आखडतं, आखडलेल्या अंगाला जास्त दुखतं आणि दुखण्यानं भीती आणखी वाढते. गर्भाशयाला कळा आणणारं ऑक्सिटोसिन निवांत, सुरक्षित वाटत असताना चांगलं पाझरतं, आणि घाबरल्यावर वाढणारं ॲड्रेनॅलिन त्याच्या आड येतं. हे कळलं तेव्हा मला माझं काम कळलं. धीराचे मोठे शब्द बोलायची गरज नव्हती. तिचे खांदे, जबडा आणि मुठी सैल आहेत ना, एवढ्यावर लक्ष ठेवायचं होतं.

त्याचा सराव आम्ही स्वयंपाकघरात केला. फ्रीजमधला बर्फ मुठीत घट्ट धरायचा, मी घड्याळात मिनिट लावायची. पहिल्या वेळी तिनं श्वास कोंडला, डोळे मिटले आणि बर्फ बेसिनमध्ये टाकला. मग नाकानं श्वास घेऊन तोंडानं लांब, संथ सोडायचा असं करत गेलो, तसं तिचं मिनिट निभायला लागलं. बर्फ आणि कळ यांत फार फरक आहे, ते तिलाही माहीत होतं. पण दुखत असताना अंग सैल सोडता येतं, हे तिच्या शरीराला समजायला हवं होतं. शनिवार-रविवारी पुण्याहून येणाऱ्या जावयांना मी कंबरेखाली, माकडहाडाच्या वरच्या चपट्या भागावर तळहातानं दाब द्यायला शिकवलं. ते फार मन लावून शिकले.

आठव्या महिन्यात डॉक्टरबाईंना विचारून आम्ही लेबर रूम बघून आलो. ते टेबल, तो मोठा दिवा, फिनेलचा वास, बाळाच्या ठोक्यांचा आवाज ऐकवणारं यंत्र. पहिल्यांदा हे सगळं कळा सोसत पाहायला लागू नये, एवढाच हेतू. तिथेच विचारून घेतलं: आत कोण थांबू शकतं? कळा येत असताना चालता, बसता येईल का? पाणी पिता येईल का? टाके सगळ्यांनाच घालता की गरज असेल तरच? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली दिलेल्या सूचनांमध्ये आवडीचं माणूस सोबत असू द्यावं, धोका नसेल तर हिंडू-फिरू आणि खाऊ-पिऊ द्यावं, बाळाची वाट मोठी करायला सरसकट छेद देऊ नये (टाके त्याचेच असतात), असं सगळं आहे. आपल्या सरकारनंही २०१६ पासून सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत नात्यातल्या बाईला राहू द्यायचं धोरण घेतलं आहे. डॉक्टरबाईंनी शांतपणे उत्तरं दिली. एक बाईमाणूस आत चालेल म्हणाल्या, जावयांना व्हरांड्यापर्यंत. २६ अभ्यासांतल्या पंधरा हजारांवर बायकांची माहिती २०१७ साली एकत्र तपासली गेली. त्यात सतत सोबत मिळालेल्या बायकांमध्ये सिझर कमी होतं, कळांचा काळ थोडा कमी होता आणि बाळंतपणाची कटू आठवण कमी जणींना होती. अशी सोबत द्यायला फारसा पैसाही लागत नाही. तरी ती अजून इतक्या बायकांना मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सिझरचीही तयारी केली, आणि ती फार गरजेची आहे असं मी म्हणेन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात शंभरातली पंचवीस बाळंतपणं सिझरनं झालेली दिसतात. मग त्याबद्दल घरात अवाक्षर काढायचं नाही, याला काय अर्थ? पाठीत इंजेक्शन देतात, बाई जागी असते, ओढल्यासारखं जाणवतं पण दुखत नाही, बाळ लगेच दाखवतात, हे सगळं मनूला क्रमानं माहीत होतं. बाळाचे ठोके मंदावले तर निर्णय पटकन घ्यावा लागतो हेही. "झालंच सिझर, तरी बाळंत तूच झालेली असशील," असं मी तिला म्हटलं होतं.

कळा रात्री जेवणानंतर सुरू झाल्या. पाणी गेलेलं नव्हतं, अंगावरून लाल जात नव्हतं, बाळ हलत होतं, म्हणून डॉक्टरबाईंना फोनवर सांगून पहाटेपर्यंत घरीच राहिलो. पहिलटकरणीला सुरुवातीला वेळ लागतो. गर्भाशयाचं तोंड पाच सेंटीमीटर उघडेपर्यंतचा काळ बराच लांबू शकतो, हे वाचलेलं असल्यामुळे मीही उगाच घाईला आले नाही. दवाखान्यात तपासलं तेव्हा तीन बोटं उघडलं होतं. मग व्हरांड्यात जावयांच्या आधारानं चालणं, कळ आली की खिडकीच्या कठड्यावर ओणवं होणं आणि त्यांनी कंबर दाबणं.

दुपारी आत नेल्यावर एक वेळ अशी आली की मनू थरथरायला लागली. उलटी झाली. माझा हात झिडकारून म्हणाली, "मला नाही जमणार, मला घरी ने." ऐकून माझ्या पोटात कालवलं. पण पूर्ण उघडायच्या अगदी आधी बऱ्याच बायकांना असंच होतं, हे मी वाचलं होतं. त्यामुळे ते ऐकूनच मला कळलं की बाळ आता जवळ आलंय. मी तिला "थोडंच राहिलंय" म्हटलं नाही, कारण ते तिला पटलं नसतं. एवढंच म्हटलं, "ही कळ गेली बघ. खांदे सोड." पुढच्या कळेला तेच. मग सिस्टर म्हणाल्या, आता जोर कर. मुलगी झाली. नाळ कापायच्या आधीच तिला मनूच्या छातीवर ठेवली.

चौथ्या दिवशी मनू कारण नसताना रडत होती. तेही आम्ही आधी बोलून ठेवलं होतं: संप्रेरकं एकदम उतरतात, बहुतेक जणींना होतं, ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही मन उचलत नसेल तर मात्र डॉक्टरांना सांगायचं. टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, तो नंबर फ्रीजवर लावून ठेवला होता. त्या दिवशी भेटायला आलेल्यांना मी बाहेरच्या खोलीत चहा दिला आणि आत सोडलं नाही.

परवा विहीणबाईंचा फोन आला. त्यांच्या लेकीचे दिवस भरत आलेत. डॉक्टरांना काय विचारायचं ते त्यांनी कागदावर लिहून घेतलं. कंबर नेमकी कुठे दाबायची हे फोनवर काही नीट सांगता येईना. रविवारी मायलेकी मिरजेला येतायत, तेव्हा करून दाखवेन.