इरकलीचा काठ वाकळेच्या कडेला लावायचा का नाही

आमच्याकडं वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला टाकणारी माणसं कापडाबद्दल भरपूर बोलतात पण कडेबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. वर कुठलं लुगडं, आत किती थर, धावदोरा बारीक का मोठा हे सगळं घरून ठरवून येतात आणि कडेचं विचारलं की "ते तुमचं तुम्ही बघा की ताई". त्यामुळं मागच्या उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि आल्या आल्या म्हणालं की बाकी कसंही करा, कड मात्र मी सांगतो तशीच पाहिजे, तेव्हा मला खरं तर बरंच वाटलं.

पन्नाशीचे गृहस्थ, नोकरी पुण्यात, गाव गडहिंग्लजकडं. आई गेल्यावर तिची इरकली लुगडी आणि तिनं स्वतः शिवलेली एक जुनी वाकळ घेऊन आलेले. लुगड्यांची नवीन वाकळ करायची, लेकीसाठी, आणि चारी बाजूंनी त्या लुगड्यांचाच लाल काठ दुमडून लावायचा. मोबाईलवर फोटो पण होता कुठला तरी. दिसायला भारीच होतं, नाही म्हणत नाही.

आमच्या आक्कांनी फोटो बघितला आणि म्हणाल्या, "दादा, अंगावर घ्यायची हाय का भिताडाला लावायची हाय?"

आता यात आक्कांचा खडूसपणा नाही. वाकळ सगळ्यात आधी फाटते ती कडेला. मधलं अंग वर्षानुवर्षं टिकतं, पण कड हनुवटीखाली ओढली जाते, मुठीत धरली जाते, झटकताना, पिळताना, दोरीवर टाकताना सगळा ताण तिच्यावरच, आणि डोक्याकडच्या बाजूला केसांचं तेल लागून कापड आणखी लवकर कुजतं. त्यात इरकलीचं अंग सुती असतं आणि काठ बहुतेक वेळा आर्ट सिल्कचा. तो काठ लांबीत दुमडला की घडीवर नेमके तेच चार-दोन उभे धागे येतात आणि घासून घासून तेवढेच तुटले की कड सरळ रेषेत उलते, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणून आम्ही गोट, म्हणजे कडेवर दुमडून शिवायची वेगळी पट्टी, उरेप म्हणजे तिरक्या कापलेल्या कापडाचा मारतो. तिरक्या पट्टीत कुठलाच धागा घडीवरून लांब पळत नाही, आडवा येतो आणि जातो, एखादा तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. कापड थोडं जास्त जातं एवढंच. पाच बाय सातच्या वाकळेचा घेर 24 फूट, 3 इंची पट्टी, 44 इंची पन्ह्याचं कापड सरळ कापलं तर साठ-पासष्ट सेंटीमीटरमध्ये भागतं, उरेपला पाऊण ते एक मीटर धरायचं. पैसे वाचवायला काही जण सरळच मारतात आणि गोल कोपऱ्याला त्याच्या चुण्या पडतात, असो.

तर हे सगळं मी त्यांना सांगत होते आणि ते ऐकून घेत होते पण पटत काही नव्हतं. "आईचा काठ आहे ओ ताई, तो दिसायला पाहिजे." बरोबरच आहे, लोक आठवणीसाठीच येतात आमच्याकडं. शेवटी आक्कांनी ती जुनी वाकळ पुढ्यात ओढली, कात्रीच्या टोकानं गोट उसवायला घेतला. वरचा निळा पॉपलीनचा, चिंध्या झालेला. तो निघाला तर खाली आणखी एक गोट! फिकट निळा, मऊ पडलेला, हातशिलाईचा. तो उसवला तर त्याच्या खाली तिसरा, धोतराचा, आणि त्याच्याही आत मूळची दुमड. म्हणजे त्या बाईनं कड विरली की जुनं न काढता वरनंच नवीन पट्टी चढवलेली, दर खेपेला. डोक्याकडच्या बाजूला तर अजून एक जादाचं ठिगळ.

ते गृहस्थ मधल्या निळ्या पट्टीकडं बघतच राहिले आणि म्हणाले, "हा माझा सातवीतला शर्ट आहे. हरवला म्हणून मार खाल्लेला मी, आईचाच!"

आम्ही सगळ्याजणी इतक्या हसलो की बस.

पण मुद्दा त्यांच्या आपोआप लक्षात आला. ज्या माउलीची आठवण ठेवायची तिनंच कडेला कधी चांगलं कापड लावलं नव्हतं, कडेला जुनंपानं, बदलता येईल असं. मग ठरलं असं, की लाल काठ कडेपासून चार बोटं आत चौकटीसारखा बसवायचा आणि बाहेरनं गडद मरून सुती कापडाचा उरेप गोट. नवीन कापड रात्रभर भिजवून, रंग जातोय का ते ओल्या पांढऱ्या रुमालावर घासून बघून मगच कापायचं, नाहीतर जुनी लुगडी धुऊन धुऊन आटलेली आणि नवा गोट पहिल्या धुण्यात आटतो, सगळी कड गोळा होते. आतल्या बाजूला मशीनची टीप, मग उलटवून दुसऱ्या बाजूला हातानं तुरपाई, म्हणजे पुढं उसवायला सोपं.

तरी त्यांचा जीव थोडा कडेत अडकलेलाच होता. मग मी त्यांना कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकेतून आलेल्या समाजातल्या, बायकांच्या कवंदीचे, म्हणजे त्यांच्या वाकळेचे, फोटो दाखवले. त्या बायका कडेपासून शिवत शिवत मध्याकडं जातात, गोट वेगळा लावतच नाहीत, आणि चारी कोपऱ्यांना कापडाचे त्रिकोण बाहेर काढतात, त्याला फुला म्हणतात. तसे काठाचे चार त्रिकोण करून गोटाच्या शिलाईत अडकवले. झिजले तर झिजले, वाकळेला धक्का नाही. हे त्यांना लगेच पसंत.

वाकळ न्यायला आले तेव्हा बरोबर त्याच मरून कापडाचा एक मीटर तुकडा भिजवून इस्त्री करून पिशवीत घातला, पुढं गोट विरला की वरनं लावायला. म्हणाले हे कुणी लावायचं आता, लेकीला तर बटण पण लावता येत नाही. आक्का म्हणाल्या, "तुम्हाला सुई धरता येती न्हवं?" आणि खरंच तिथंच बसवून, जुन्या वाकळेच्या कडेवर, तुरपाई शिकवली त्यांना. टाके लांबलांब आले, आक्कांनी दोनदा उसवायला लावले, तिसऱ्यांदा म्हणाल्या चालतंय.