तळ्यातून दिसणाऱ्या खिडक्या: जुन्या घराच्या परवानगीचा माझा अनुभव

मागच्या तळ्यात होडी घेऊन गेलेल्या माणसाला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या दिसतात का? आणि दिसल्या, तर त्या नुसत्या लाकडाच्या आहेत की वरून ॲल्युमिनियमचा पत्रा चढवलेल्या, हे त्याला ओळखू येतं का? या प्रश्नापायी आमच्या घराचं काम वसंतापासून पानगळीपर्यंत अडकून पडलं. आता खिडक्या बसल्या आहेत, घर ऊबदार आहे, पण माझा राग काही गेलेला नाही. शिवाय बॉस्टनच्या आसपास आपली बरीच मंडळी हल्ली जुनी घरं घेताहेत, त्यांना उपयोग होईल म्हणून लिहिते आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आमचं घर 1840 च्या दशकातलं, ग्रीक रिव्हायव्हल पद्धतीचं. लाकडी फळ्यांच्या भिंती, कोपऱ्यांना चपट्या खांबांचा आभास, आणि समोर वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या. प्रत्येक पल्ल्यात सहा-सहा काचा. मागे स्वयंपाकघर आणि त्यावरची मुलाची खोली हा भाग मात्र 1950 च्या दशकात जोडलेला. खिडक्यांना हात घालायचं कारण हौस नव्हतं. मॅसॅच्युसेट्सचा कायदा असा आहे, की 1978 पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल, तर शिशाच्या रंगाचा धोका मालकानं दूर करायचा. आमचा मुलगा लहान. खिडकी वर-खाली करताना रंग घासला जातो आणि त्याची बारीक धूळ खाली बसते. मुलं नेमकी तिथेच हात टेकवतात आणि तोच हात तोंडात घालतात. तपासनिसानं जवळजवळ प्रत्येक खिडकीवर खूण केली. इथे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी मुलांच्या रक्तातलं शिसं तपासतात. त्याचा आकडा ठीक आला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. पण पुढच्या वर्षीचा आकडा कसा येईल, ही धास्ती होतीच.

एक गोष्ट घर घ्यायच्या आधी माहीत हवी, आणि ती एजंटसुद्धा गोंधळून सांगतात. घर ‘नॅशनल रजिस्टर’मध्ये, म्हणजे देशाच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत, आहे म्हणजे बंधन आलं, असं नाही. ती यादी 1966 च्या केंद्रीय कायद्यातून आली. स्वतःच्या पैशानं स्वतःच्या घरात काम करणाऱ्याला ती अडवत नाही. अडवतो तो ‘लोकल हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट’, म्हणजे गावानं ऐतिहासिक म्हणून जपायचा ठरवलेला भाग. या राज्यात बॉस्टनमधलं बीकन हिल आणि नँटकेट बेट इथे 1955 मध्ये असे डिस्ट्रिक्ट स्वतंत्र कायद्यांनी झाले. मग 1960 मध्ये ‘चॅप्टर 40 सी’ नावाचा सर्वसाधारण कायदा आला, आणि कोणत्याही गावाला दोन-तृतीयांश मतांनी असा भाग ठरवता येऊ लागला. लहान गावांत हे मतदान टाउन मीटिंगमध्ये होतं. आपल्या ग्रामसभेसारखी सगळं गाव जमण्याची ती सभा. एकदा भाग ठरला, की घराच्या बाहेरून दिसणाऱ्या बदलाला, या भागासाठी गावानं नेमलेल्या मंडळाचं सर्टिफिकेट लागतं. त्याशिवाय बिल्डिंग परमिट मिळत नाही.

आई तेव्हा साताऱ्याहून आलेली होती. ती म्हणाली, “अगं, घर आपलं, कर्ज आपण फेडतोय, आणि खिडकीला गावाला विचारायचं?” मी तिला सांगितलं की विचारायला माझी ना नाही. हा रस्ता असा सुंदर राहिलाय तो याच नियमामुळे. ते मला आजही खरंच वाटतं.

समोरच्या खिडक्यांचं काम सुरळीत पार पडलं, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. मंडळ म्हणालं, बदलू नका, दुरुस्त करा. आम्ही मानलं. पल्ले काढून कार्यशाळेत नेले. तिथे वाफेनं जुनी लांबी मऊ करून काचा सोडवल्या, लाकूड उघडं होईपर्यंत रंग काढला, नवी लांबी भरली. भिंतीच्या पोकळीतली लोखंडी वजनं तशीच ठेवून नुसत्या दोऱ्या बदलल्या, बाहेरून स्टॉर्म विंडो, म्हणजे थंडीवारा अडवणाऱ्या जादा खिडक्या, लावल्या. ते जुनं लाकूड पाहून सुतारानं मला हाताशी बोलावून दाखवलं: वर्षावलयं इतकी दाट, की आजच्या लागवडीच्या पाइनमध्ये तशी सापडत नाहीत. काचा किंचित लाटांसारख्या आहेत, त्यांतून समोरचं मेपलचं झाड हललेलं दिसतं. इथे मंडळाचं म्हणणं बरोबर होतं आणि मी त्यांची ऋणी आहे.

अडलं ते मागे.

मागच्या खिडक्या 1950 च्या दशकातल्या, चौकटी खालून कुजलेल्या. तिथे जपावं असं काहीच नव्हतं. आम्हाला त्याच मापाच्या, त्याच ठेवणीच्या नव्या खिडक्या हव्या होत्या: आतून लाकूड, बाहेरून ॲल्युमिनियम, म्हणजे बर्फपावसात दर दोन-चार वर्षांनी रंगवायला नको. नुसती दुरुस्ती किंवा जशीच्या तशी बदली असेल, तर कायदा ती देखभालीत धरतो. पण सामग्री बदलली की ती देखभाल उरत नाही, हे आम्हाला माहीत होतं. म्हणून अर्ज केला ‘नॉन-ॲप्लिकेबिलिटी’ सर्टिफिकेटचा: ही बाजू रस्त्यावरून दिसत नाही, सबब मंडळाचा अधिकार इथे लागत नाही.

तर एक सदस्य म्हणाले, तळ्यावरून दिसते. आणि कायद्यात खरोखरच तसं आहे. सार्वजनिक रस्ता, वाट, बाग, किंवा सार्वजनिक जलाशय, यांपैकी कुठूनही दिसणारा भाग मंडळाच्या अखत्यारीत येतो. तळ्याच्या पलीकडच्या काठाला गावाचा होड्या उतरवायचा धक्का आहे. मी फोटो दिले, मध्ये झाडी आहे हे दाखवलं. उत्तर मिळालं की झाडं धरत नाहीत, झाडं उद्या तुटू शकतात. मग पाहणी ठरली, पुढची सभा महिन्यानं. त्या सभेला पुरेसे सदस्यच आले नाहीत. त्यापुढच्या सभेत पाहणीला न गेलेल्यांनी मत द्यायचं नाही असं ठरलं, म्हणून परत पाहणी. या सगळ्या काळात मुलाच्या खोलीच्या खिडक्या आम्ही प्लॅस्टिक आणि टेप लावून बंद केलेल्या. उन्हाळ्यात ती खोली भट्टी व्हायची आणि त्याला खिडकी उघडता यायची नाही. हे मी सभेत सांगितलं, तेव्हा आरोग्य हा आमचा विषय नाही असं कोरडं उत्तर आलं. ते वाक्य मला अजून टोचतं.

अखेर ठरलं की बाजू दिसते. ठीक. मी अर्ज ‘अप्रोप्रिएटनेस’ सर्टिफिकेटचा केला, म्हणजे बदल घराला आणि भागाला शोभणारा आहे अशी मंजुरी. आता तरी चर्चा खिडकीची होईल असं वाटलं. पण एका सभेत काचा विभागणाऱ्या लाकडी पट्ट्यांच्या जाडीचं रेखाचित्र मागितलं. ते दिलं, तर पुढच्या सभेत प्रत्यक्ष नमुना. तो नेला, तर रंगाचा तुकडा. आमच्या गावच्या नियमात रंग मंडळाच्या कक्षेतून वगळलेला आहे. मी ते कलम छापून नेलं होतं, मोठ्यानं वाचून दाखवलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही, मग अध्यक्षांनी रंगाचा मुद्दा सोडला. त्या संध्याकाळी घरी येताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला. परक्या देशात, परक्या भाषेत, त्यांचाच नियम त्यांच्यासमोर वाचून दाखवायला घसा कोरडा पडतो.

पट्ट्यांच्या बाबतीत मात्र त्यांचा आग्रह समजण्यासारखा होता. कॅटलॉगमधल्या पट्ट्या जाडजूड असतात, जुन्या घरांच्या बारीक. दोन काचांच्या मध्ये नुसती जाळी बसवलेली खिडकी लांबूनही सपाट दिसते, कारण पट्टीची सावली काचेवर पडत नाही. पट्टी काचेच्या बाहेरच्या अंगाला चिकटवलेली हवी. तुम्ही अर्ज करणार असाल, तर पहिल्याच दिवशी अशाच खिडकीचा तपशील द्या, बारीकात बारीक पट्टी निवडा, आणि आडवा छेद दाखवणारं निर्मात्याचं रेखाचित्र सोबत जोडा. एक सभा वाचेल.

आणि आता मुदतीचं, जे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. 40 सी प्रमाणे अर्ज दाखल झाल्यापासून 60 दिवसांत मंडळानं निर्णय द्यायचा असतो. नाही दिला, तर ‘हार्डशिप’चं सर्टिफिकेट, म्हणजे नकारामुळे मालकाची मोठी अडचण होईल म्हणून द्यायची मंजुरी, त्यांना द्यावंच लागतं. मुदत वाढते ती फक्त अर्जदारानं लेखी परवानगी दिली तर. म्हणूनच प्रत्येक सभेच्या शेवटी एक कागद पुढे सरकवला जातो आणि फार गोड शब्दांत सही मागितली जाते. लोकांना वाटतं ही हजेरीची सही आहे. सुरुवातीला मी मुदत वाढवून दिली, पण तारीख घालून. पुढे नमुना-रंग सुरू झालं तेव्हा मी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले की आता मी मुदत वाढवणार नाही, कृपया मत घ्या. नकार देणार असाल तर कारणांसह लेखी द्या. सभेचा सूरच बदलला.

त्याच सभेत शेजारच्या आजी बोलल्या. जन्मापासून याच गावात राहिलेल्या, डिस्ट्रिक्ट व्हावा म्हणून टाउन मीटिंगमध्ये हात वर केलेल्या. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी या तळ्यात पोहायला शिकले. तिथून मला कधी कोणाच्या खिडकीचं लाकूड ओळखू आलं नाही. तिथे एक लहान मूल राहतं, ते मात्र मला दिसतं.” मला रडू आवरलं नाही. मत झालं, एका मताच्या फरकानं मंजुरी मिळाली. अट एकच, पट्ट्या बाहेरून.

सुनावणीची सूचना किमान 14 दिवस आधी शेजाऱ्यांना जाते. सरकारी पत्र पाहून लोक बिचकतात, तेव्हा त्याच्या आधी तुम्हीच त्यांच्या दारी जा. मी आईनं केलेल्या शेंगदाण्याच्या वड्या घेऊन गेले होते. त्या आजींशी ओळख तिथूनच झाली.

शिशाच्या तपासणीचा अहवाल अर्जाला जोडाच, मंडळ काहीही म्हणो. आणि एकाच अर्जात ‘अप्रोप्रिएटनेस नाही तर हार्डशिप’ असं दोन्ही मागून ठेवा. हार्डशिप नुसती पैशाची असावी लागत नाही, कायद्याचे शब्द ‘आर्थिक किंवा अन्य’ असे आहेत. पण ती अडचण तुमच्याच इमारतीची हवी, सगळ्या वस्तीची नव्हे. तळमजल्याच्या खोल्या, भिंतींचे रंग, स्वयंपाकघराची मांडणी यांबद्दल कोणी विचारू लागलं, तर नम्रपणे थांबवा. आतल्या मांडणीचा विचार करायला मंडळाला कायद्यानंच मनाई आहे.

मंजुरी मिळाली म्हणून लगेच खिडक्या मागवू नका. निर्णय टाउन क्लर्ककडे, म्हणजे गावच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवला, की तिथून 20 दिवस त्याविरुद्ध कोर्टात जाता येतं. नाराज शेजारीही जाऊ शकतो. आम्ही ते दिवस जाऊ दिले आणि मगच पैसे भरले. कंत्राटदाराकडे शिशाच्या रंगावर काम करायचा परवाना आहे ना, हे परमिट काढतानाच पाहा. आमच्याकडे आधी ज्याचा दर सगळ्यात कमी आला होता, त्याच्याकडे तो नव्हता.