एकशे अकरा वाट्या साखर

मागच्या दिवाळीच्या तोंडावर मिरजेहून मावशीचा फोन आला. "अगं, शंकरपाळ्यांना एकशे अकरा वाट्या साखर? गावजेवण घालायचंय का मला?"

चूक माझीच होती. तिच्या जुन्या पाककृतींच्या पुस्तकाचे मी पानोपान फोटो काढले, गूगल ड्राइव्हमध्ये टाकून त्यांचा मजकूर करून घेतला आणि एकदाही न वाचता तिला पाठवून दिला. पुस्तक साठ वर्षांपूर्वीचं. त्यात मापं जुन्या पद्धतीने छापलेली आहेत: १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. शाळेत आम्हीही हे शिकलो नव्हतो, मला आजीच्या वाणसामानाच्या याद्यांमुळे माहीत. यंत्राला कुठून माहीत असणार? त्याने दीडच्या दोन उभ्या रेघांचे दोन एक केले, आणि फोनमधल्या बाईने ते एकशे अकरा असं ठणठणीत वाचून दाखवलं.

मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. काचबिंदूने आधी कडेचं दिसेनासं झालं, मग हळूहळू मधलंही गेलं. छापील अक्षर सुटून चार वर्षं झाली. ब्रेलचा प्रयत्न करून झाला. आमच्या सोसायटीतला एक कॉलेजचा मुलगा लहानपणापासून ब्रेल वाचतो, त्याने 'स्पर्शज्ञान'चे जुने अंक दिले. २००८ साली सुरू झालेलं हे मराठी ब्रेल पाक्षिक. अंक पाठवायला टपालखर्च लागत नाही, अंधांसाठीचं साहित्य सात किलोपर्यंत फुकट जातं, हे मला पोस्टाच्या खिडकीशी उभी राहिल्यावर कळलं. मावशीने आठवडाभर पानांवरून बोटं फिरवली आणि सांगितलं, "मला सहाही टिंबं सारखीच लागतात." वीस वर्षांच्या मधुमेहाने बोटांची टोकं बधिर झालेली. म्हणजे आता सगळी मदार कानांवर.

कानांसाठी सोय नाही असं नाही. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे छापील वाचू न शकणाऱ्यांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय आहे, अपंगत्वाचा दाखला देऊन सभासद झालं की फायली उतरवून घेता येतात. तिथल्या कादंबऱ्या ती दुपारी ऐकते. पण तिला हवं होतं ते हेच पुस्तक, पुठ्ठा गेलेलं, हळदीचे डाग पडलेलं. ते कोण कशाला तयार करून ठेवेल?

माझ्या मुलाने विचारलं, "आई, ही पायरसी नाही का?" मी बँकेत तेहेतीस वर्षं काढली आहेत, नियम बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून छापील वाचू न शकणाऱ्या माणसासाठी कुणीही पुस्तक त्याला वाचता येईल अशा रूपात आणून त्याला देऊ शकतं. प्रकाशकाची परवानगी लागत नाही. २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेशला याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला, तो सगळ्यात आधी मंजूर करणारा देश भारत. म्हणजे कायद्याने दार केव्हाच उघडलंय. आत जाऊन बसून एकेक ओळ तपासायची, ते काम मात्र कायदा करत नाही.

तर मी बसले. रोज रात्री जेवणं झाल्यावर चार पानं. ध चा घ, भ चा म, ख चा रव, हे सगळीकडे. त्यांचं काही वाटत नाही, मावशीचा कान ते आपोआप दुरुस्त करतो. एकशे अकरा वाट्यांनीही बिघडत नाही, हसू येतं. घात करतात ते गुपचूप बसलेले आकडे. सव्वाची रेघ पूर्णविराम समजून गिळली गेली की उरते एक वाटी, आणि एक वाटी ऐकून कुणाला शंका येणार? साहित्याच्या याद्या दोन रकान्यांत होत्या, त्या यंत्राने एकमेकांत मिसळल्या. 'मीठ दोन वाट्या, रवा चवीपुरता.' शेवटी मी सगळी मापं अक्षरांत लिहून टाकली, दीड, अडीच, पाऊण. बाकी लेखिकेच्या भाषेला हात लावायचा नाही, अशी मावशीची सक्त ताकीद. "तुझं शुद्धलेखन तुझ्यापाशी ठेव."

मध्येच एका ओळखीच्या मुद्रकाने दुसऱ्या एका पुस्तकाची मूळ फाईलच दिली. मला वाटलं, सुटले. पण ती जुन्या फॉन्टमधली, युनिकोड म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची पद्धत येण्याआधीच्या. पडद्यावर सुंदर मराठी, आणि फोन वाचतो कसलीतरी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. डोळ्यांना पुस्तक, कानाला रद्दी.

आपली पहिली फाईल तर मी एकसलग दिली होती. साबुदाणा वड्यापर्यंत पोचायला मावशी सुरुवातीपासून बोट सरकवत बसायची. त्या कॉलेजच्या मुलाने मला झापलंच. "काकू, नुसता मोठा ठळक टाइप कशाला? वर्डमध्ये मथळ्याची शैली लावा ना." ती लावल्यावर फोनला मथळे ओळखता यायला लागले आणि मावशी एका पदार्थावरून दुसऱ्यावर टुणटुण उड्या मारायला लागली. कृतीचे परिच्छेदही मी तोडले, कारण हात पिठात असताना लांबलचक परिच्छेदात मागे जाऊन नेमकी ओळ शोधता येत नाही.

मग अनारसे आले. तिथे मजकूर असा: 'पीठ थोड्या दुधात दूध नको हसतात भिजवावे.' हे पुसायला मी बोट ठेवलंच होतं. सहज मूळ पान काढून पाहिलं, तर समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं: दूध नको. हसतात. तेलात अनारसा विरून पसरतो, त्याला आपल्याकडे हसणं म्हणतात. यंत्राने ती टीप इमानेइतबारे ओळीत बसवून दिली होती.

फोन करून वाचून दाखवलं. "कुणाचं गं अक्षर?"

"तुझंच. ळ सारखा ल काढलायस."

थोडा वेळ टीव्हीचाच आवाज. मग म्हणाली, "बरोबरच आहे. दुधाने हसणारच." ते फाईलमध्ये घालू का, विचारलं. "घाल. पण माझ्या नावाने घाल. त्या बिचारीच्या तोंडी नको."

आता अशा टिपांच्या आधी मी 'मावशी म्हणते' असं लिहिते. एकतीस झाल्यात. लोणच्यांच्या प्रकरणात तर छापलेलं कमी आणि पेन्सिलच जास्त. कैरीच्या लोणच्यापाशी आठवडाभर अडकले आहे. 'मे' पुढचं अक्षर तेलाच्या डागाखाली गेलंय. मेथी म्हणावं तर पुढे 'भट्टीवरचा' असं काहीतरी दिसतं, आणि मावशीलाही काही आठवत नाही.