गोलकीपरच्या जागेवरून आइस हॉकी

माझ्या डाव्या भुवईत चार टाक्यांचा व्रण आहे. कॉलेजात असताना मी हॉकीचा गोलकीपर होतो. मे महिन्यातल्या एका सरावात, सकाळी साडेसातलाच नागपूरचे ऊन चटके देऊ लागले असताना, मातीवरून उसळलेला चेंडू थेट कपाळावर बसला. संघाकडे हेल्मेट एकच होते आणि तेही सामन्यांसाठी जपून ठेवलेले होते. ‘‘काही होत नाही बे, गोलकीपरला एवढं चालतंच,’’ असे म्हणत सोबत्यांनी मला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेले. त्यातला ‘चालतंच’ हा शब्द मी आजवर विसरलेलो नाही, आणि ज्या खेळाचे बर्फ मी कधी प्रत्यक्ष पाहिलेले नाही, त्या आइस हॉकीच्या इतिहासात मी इतका गुंतलो त्याचे कारणही तोच शब्द आहे.

तिथे चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. तिचे वजन जवळपास 170 ग्रॅम असते आणि ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. अशी चकती अंगावर येत असताना उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगचे (एनएचएल) गोलकीपर कित्येक वर्षे उघड्या चेहऱ्याने उभे राहत. लीग 1917 साली सुरू झाली तेव्हा तर गोलकीपरने खाली पडून पक अडवणेही नियमाबाहेर होते. ओटावाचा क्लिंट बेनेडिक्ट तोल गेल्याचे भासवून इतक्या वेळा पडत असे की, अखेर जानेवारी 1918 मध्ये लीगने तो नियमच बदलला. याच बेनेडिक्टने 1930 मध्ये नाक मोडल्यावर काही सामने चामड्याचा मास्क लावला होता, पण ती प्रथा काही रुजली नाही.

ती रुजवली मॉन्ट्रियल कॅनेडियन्सच्या जाक प्लांतने. 1 नोव्हेंबर 1959 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेंजर्सच्या अँडी बाथगेटचा फटका त्याच्या तोंडावर बसला. तेव्हा संघ राखीव गोलकीपर सोबत ठेवत नसत, त्यामुळे त्याला टाके घालून होईपर्यंत सामना थांबून राहिला. प्लांत सरावात फायबरग्लासचा मास्क वापरत असे, मात्र सामन्यात तो लावायला प्रशिक्षक टो ब्लेक यांचा विरोध होता. मास्कमुळे पायाशी आलेला पक दिसत नाही आणि गोलकीपरची हिंमत कमी होते, अशी त्या काळची समजूत होती. त्या रात्री प्लांतने मास्कशिवाय बर्फावर उतरायला नकार दिला. त्याच्या जागी उभे करण्याजोगे कोणी नसल्याने ब्लेक यांचा नाइलाज झाला आणि मॉन्ट्रियलने सामना 3-1 असा जिंकला. पुढे संघाची अपराजित मालिका सलग 18 सामन्यांपर्यंत लांबली. मार्च 1960 मध्ये एका सामन्यात प्लांतने मास्क उतरवला, त्यात संघ हरला आणि मास्क परत आला तो कायमचाच. त्या हंगामात मॉन्ट्रियलने सलग पाचवा स्टॅनले कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला. ज्याला भित्रा म्हणता आले असते त्यानेच तो जिंकून दिल्यावर विरोधकांकडे बोलायला काही उरले नाही. माझ्या लेखी या खेळातला सर्वांत प्रभावी माणूस तोच.

वेन ग्रेट्झ्कीला मी दुसरे स्थान देतो, हे अनेकांना पटणार नाही. त्याचे 894 गोल अलेक्झांडर ओव्हेच्किनने 6 एप्रिल 2025 रोजी मागे टाकले, तरी ग्रेट्झ्कीचे 1963 असिस्ट, म्हणजे सोबत्यांच्या गोलला कारण ठरलेले पास, अबाधित आहेत आणि इतर कोणाही खेळाडूचे गोल व असिस्ट मिळूनही तेवढे होत नाहीत. पण गोलकीपर म्हणून मला त्याची भीती वाटली असती ती त्याच्या उभे राहण्याच्या जागेमुळे. तो गोलच्या मागे जाऊन थांबत असे आणि तिथून पास देई. मागे त्याच्यावर नजर ठेवावी तर समोरचा मोकळा सुटतो, आणि समोर बघावे तर पक कुठून येईल ते कळत नाही.

टेड लिंडसेचे कर्तृत्व बर्फाबाहेरचे आहे. डेट्रॉइटच्या या आघाडीच्या खेळाडूने 1957 मध्ये डग हार्वे आणि इतरांना सोबत घेऊन खेळाडूंची संघटना उभारली, कारण पेन्शनमध्ये आपण भरत असलेल्या पैशांचे काय होते, याचा हिशेब मालक खेळाडूंना देत नसत. त्याच उन्हाळ्यात डेट्रॉइटने त्याला तळाच्या शिकागो संघाकडे धाडून दिले. संघटना मोडली. खेळाडूंना टिकाऊ संघटना मिळायला 1967 साल उजाडले.

आणि विली ओरी. पक लागून त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती. खेळू देणार नाहीत म्हणून त्याने ते लपवून ठेवले आणि 18 जानेवारी 1958 रोजी मॉन्ट्रियलमध्ये बोस्टन ब्रुइन्सकडून उतरून तो एनएचएलमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. डाव्या बाजूने खेळायचे, म्हणजे पास बहुधा उजवीकडून येणार, आणि त्याच बाजूला दिसत नाही! तो मान पूर्ण वळवून डाव्या डोळ्याने पक शोधत असे. प्रेक्षकांच्या वर्णद्वेषी शिव्या कानांवर पडत असताना त्याने या लीगमध्ये 45 सामने खेळले. त्याच्या जर्सीचा 22 क्रमांक बोस्टनने 18 जानेवारी 2022 रोजी, त्या पहिल्या सामन्याला बरोबर 64 वर्षे झाली त्या दिवशी, कायमचा राखून ठेवला.