कूलर जुना झालेला नाही

गेल्या मे महिन्यात मी कूलरच्या तोंडाशी एक सेन्सर बांधला आणि दुसरा बाल्कनीत. दुपारी तीनला बाहेर ४४ अंश, आर्द्रता १८ टक्के. कूलरमधून येणारी हवा २९ अंश! आईला आकडा दाखवला, तर म्हणाली, "मी काऊन सांगत होती मंग, वाळ्याच्या ताट्या लाव म्हून?" ताट्या म्हणजे वाळ्याच्या मुळांच्या चटया; त्या ओल्या ठेवायच्या, आणि हवा त्यांतून गार होऊन आत येते.

एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतली सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणजे विजेच्या जवळपास दोन-तृतीयांश युनिटइतकी. हे काम पाणी स्वतःच करतं. आपण फक्त पंखा आणि छोटा पंप चालवतो, साधारण दोनशे वॅट. दीड टनाचा एसी दीड हजारांच्या आसपास घेतो. आणि एसीची गरम हवा जाते कुठे? शेजारच्यांच्या खिडकीवर.

मी एसीच्या विरोधात नाही. १९०२ मध्ये विलिस कॅरिअरने तो ब्रुकलिनमधल्या छापखान्यातला दमटपणा आवरायला तयार केला होता, आणि दमटपणातच कूलर हरतो. जुलैत, ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली, की कूलर फक्त खोली ओली करतो. पण मे महिन्यातली आपली विदर्भातली कोरडी हवा कूलरसाठीच आहे. नागपुरात नवे फ्लॅट बांधताना खिडकीबाहेर कूलरच्या स्टँडला जागाच ठेवत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

यंदा ताट्यांवरचं पाणी टायमरने सोडून बघणार आहे. टाकी किती पुरते, ते मोजायचंय.