तुम्ही विचारलंत म्हणून : एवढ्याशा लेकराला हे कशामुळं झालं?

लेकीला रक्ताचा कॅन्सर झाल्यापासून हा प्रश्न मला दवाखान्यापेक्षा घरीच जास्त ऐकावा लागतो. भेटायला आलेल्या बायका टेकतात, पाणी पितात, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "कशामुळं झालं गं माय?" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं. त्यांच्याही घरी लेकरं आहेत. कारण कळलं तर आपलं लेकरू जपता येईल, असं त्यांना वाटतं. म्हणून एकदा नीट सांगते.

आम्ही परभणी जिल्ह्यातले, कापूस-सोयाबीनवाले. लेक चार वर्षांची असताना तिचा ताप उतरेना. चेहरा पांढरा पडला, कुठं पडली-आपटली नसताना पायांवर निळे डाग उठायला लागले आणि दिवसभर हुंदडणारी पोर "पाय दुखतेत, कडेवर घे" म्हणायला लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, रिपोर्ट बघितला आणि वेळ न घालवता संभाजीनगरला पाठवलं. तिथून मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलात. रक्ताचा कॅन्सर. पूर्ण नाव अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांत सगळ्यांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच आणि दोन ते पाच या वयात तो जास्त दिसतो.

तर कशामुळं? आमच्या कुणाच्या काही करण्यामुळं किंवा न करण्यामुळं नाही. हाडाच्या आतल्या मगजात रक्त तयार होतं. तिथल्या एखाद्या पेशीच्या जनुकात बिघाड होतो आणि ती पेशी पुरती तयार न होताच वाढत सुटते. बऱ्याच लेकरांत यातला पहिला बिघाड जन्माआधीच झालेला असतो, असं संशोधकांना आढळलंय. पण तसा बिघाड घेऊन जन्मलेल्या बहुतेक मुलांना पुढं काहीच होत नाही. ज्यांना होतं, त्यांच्या पेशीत नंतर आणखी बदल घडतात. ते याच लेकरात का घडले, हे ठामपणे सांगता येत नाही. हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही, आणि बहुतेक मुलांत तो आईबापाकडून आलेलाही नसतो.

"जन्माआधी" म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो. ग्रहण पाळलं होतंस ना? त्या वेळी काही चिरलं-कापलं होतंस का? मग तुळजापूरची ओटी राहिली असेल, दृष्ट लागली असेल, पाकिटातला खाऊ फार दिला असेल. यातली एकेक गोष्ट फिरून शेवटी आईच्याच दारात येऊन थांबते. एकदा अशीच चौकशी चालली असताना सासूबाई उठून म्हणाल्या, "माझ्या सुनेनं काही केलं नाही. डॉक्टरला विचारून या, नाहीतर च्या घेऊन निघा." त्या दिवशी मला किती आधार वाटला, ते त्यांना मी अजून नीट सांगू शकलेले नाही.

एक प्रश्न मात्र खरा होता, आणि तो लेकीच्या बापाचा होता. फवारणीचा पंप आमच्या घराच्या पडवीत असायचा. त्यांनी एकट्यानं जाऊन डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं नाही. काही अभ्यासांत कीटकनाशकं आणि मुलांचा रक्ताचा कॅन्सर यांचा संबंध दिसतो, त्यावर अजून काम चालू आहे. पण तुमच्या मुलीला यामुळंच झालं, असं मी काय, कुणीच म्हणू शकणार नाही, असं ते म्हणाले. पंप आता शेतातल्या आखाड्यावर असतो. लेकरांपासून लांब असलेला बराच. पण त्या विचारानं जेवण सोडलेल्या माणसाला पुन्हा ताटावर बसवायला मला बरेच दिवस लागले.

कारण शोधत बसण्यात काय जातं, तेही सांगते. वेळ जातो. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात आणि अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. निदान उशिरा होणं आणि उपचार अर्ध्यात सोडणं, ही त्यामागची मोठी कारणं आहेत. कुणी दोष काढायला देवऋष्याकडं जातं, कुणी "पोरीच्या जातीवर एवढा खर्च कशाला" असं ऐकून परत फिरतं. आम्हालाही हे ऐकवलं गेलं. लेकीच्या बापानं त्या माणसाशी बोलणंच सोडलं.

आणि ज्यांनी या आजारावर औषध काढलं, त्यांना तरी कारण कुठं ठाऊक होतं? १९४७-४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अशा मुलांना अमिनोप्टेरिन दिलं आणि काहींचा आजार थोड्या काळापुरता मागं हटला. ते औषध तयार केलं होतं येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटानं. आंध्रातल्या भीमावरमचा माणूस. माझी लेक आज आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी घेते, ती त्याच प्रकारातली.

सगळ्यांत अवघड गोष्ट मात्र वेगळीच होती. पहिल्या महिन्याचे उपचार झाले आणि हाडातल्या मगजाच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. घरात पेढे वाटले गेले. मग जो तो म्हणायला लागला, बरी झाली ना, आता कशाला लेकराला सुया टोचता? पण हा उपचार दोन वर्षांहून जास्त चालतो. लेकीच्या बापानं गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं : हराळी वर दिसेना म्हणून रान मोकळं झालं म्हणता का? मुळी राहिली की फुटणारच. ते सगळ्यांना पटलं.

सगळ्यांना म्हणजे मोठ्यांना. लेकीला कोण सांगणार? स्टेरॉइडच्या दिवसांत ती रात्री दोनला उठून वरण-भात मागायची, चेहरा सुजलेला, चिडचिड एवढी की कुणी जवळ गेलेलं चालायचं नाही. केस गेले. देवगिरी एक्स्प्रेसमध्ये शेजारच्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "बालाजीला जाऊन आलात का?" मी "हो" म्हणाले. बाई उतरून गेल्यावर लेकीनं विचारलं, "आई, मी दादाला मारलं म्हणून मला झालं का?" मोठ्यांचं कुजबुजणं लेकरं ऐकत असतात. मी तिला तेच सांगितलं जे तुम्हाला सांगतेय : तू काही केलं म्हणून नाही, कुणीच काही केलं म्हणून नाही. तिनं दोनदा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. तेव्हापासून तिच्यासमोर हा विषय काढू नका, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगते.

तुम्ही या, जरूर या. सर्दी-खोकला असेल तर बरं वाटल्यावर या, आल्यावर हात साबणानं धुवा. उपचारांत पांढऱ्या पेशी कमी होतात, मग साधा तापही जिवावर बेततो, १००.४च्या वर गेला की आम्ही, रात्र असो की दिवस, दवाखान्यात निघतो. अशा वेळी थोरल्याला घरी कुणीतरी लागतं. त्याचा डबा, शाळेतून आणणं, रात्री सोबत झोपणं. विचारायचंच असेल तर पुढची तारीख कधीची आहे ते विचारा, आणि त्या दिवसांत त्याला तुमच्याकडं घेऊन जा. त्याला ज्वारीची भाकरी आणि पिठलं आवडतं.